रनवेवरचे अकरा ओरखडे

माझ्या हातून विमान मोडलं त्याला चार महिने झाले. मधे दोनदा हे लिहायला घेतलं होतं आणि दोन्ही वेळा "अचानक" या शब्दापाशी येऊन अडकले, कारण आता मला पक्कं माहितीये की त्या दिवशी अचानक असं काहीच झालं नव्हतं.

मी विमान उडवायला शिकतेय आणि माझी ती तिसरी सोलो, म्हणजे शेजारी इन्स्ट्रक्टर सर नसताना एकटीने उडणं. पहिली सोलो १९ तासांना झाली होती, दुसरी त्यानंतर दोन दिवसांनी, आणि या वेळी नुसती सर्किट्स करायची होती, म्हणजे टेकऑफ, डावीकडे वळून डाउनविंड (रनवेला समांतर, उलट दिशेने), मग बेस (रनवेकडे आडवं), फायनल (रनवेच्या सरळ रेषेत), लँडिंग, आणि परत पहिल्यापासून तेच. विमान सेस्ना १५२. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दोन सीटचं, ११० हॉर्सपॉवरचं, वरून पंख असलेलं छोटंसं विमान, १९७७ ते १९८५ या काळात बनलेलं, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने बरंच मोठं. जगभर कितीतरी लोक याच विमानावर उडायला शिकलेत आणि शिकताना त्यांनी ते आपटलंही आहे, कारण ते बनवलंच आहे विद्यार्थ्यांसाठी. मुख्य चाकांचे पाय स्टीलचे, स्प्रिंगसारखे वाकून परत सरळ होणारे. पण पुढचं चाक, म्हणजे नोज व्हील, ते तसं नाही. ते जमिनीवर गाडी वळवायला आहे, लँडिंगचा मार खायला नाही. हे ग्राउंड क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगतात आणि मी ते वहीत अधोरेखित करून ठेवलं होतं.

रनवे २७ होता, म्हणजे उतरताना तोंड २७० डिग्रीला, पश्चिमेला. टॉवरने वारा दिला ३१० डिग्रीवरून, ८ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). म्हणजे समोरून नाही, उजवीकडून तिरका. त्याचा क्रॉसविंडचा, म्हणजे आडवा, भाग काढला तर जेमतेम ५ नॉट होतो, आणि १५२ च्या हँडबुकात १२ नॉटपर्यंतचा क्रॉसविंड करून दाखवलेला आहे. हे मुद्दाम आत्ताच सांगून ठेवतेय कारण नंतर मी याच वाऱ्यावर सगळं ढकलायला निघाले होते.

पहिली दोन लँडिंग ठीक झाली. तिसऱ्या सर्किटला बेसवरून फायनलला वळले तेव्हा मी वर होते. फार नाही, पण वर. अशा वेळी पॉवर कमी करून थोडं थांबायचं, किंवा गो-अराउंड करायचं, म्हणजे न उतरता फुल पॉवर देऊन वर जायचं आणि परत यायचं. मी काय केलं, नाक खाली दाबलं. नाक खाली दाबलं की रनवेचा आकडा विंडशील्डमध्ये जिथे दिसायला हवा तिथे बरोब्बर दिसायला लागतो, आणि डोळ्यांना वाटतं की जमलं, पण त्याची वसुली स्पीडमध्ये होते. आम्हाला फुल फ्लॅप्सवर (पंखांमागच्या पट्ट्या पूर्ण खाली असताना) फायनलला ६० नॉट शिकवतात. माझे ७० होते. मी ते पाहिलं. हे लिहिताना सगळ्यात जड जातं ते हेच, की काटा मला दिसला होता आणि मी मनात म्हटलं, कमी होईल.

६० आणि ७०, ऐकायला दहाचा फरक. पण वेगातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ६० ऐवजी ७० म्हणजे ऊर्जा एक तृतीयांशाहून जास्त वाढली, साधारण ३६ टक्के. ती ऊर्जा कुठेतरी जायला पाहिजे आणि विमानाकडे ती घालवायचा एकच रस्ता असतो, उडत राहणं. त्यात मी एकटी. १५२ चं जास्तीत जास्त वजन ७५७ किलो, त्यातून सरांचे ७५ किलो उतरले की विमानाचं वजन दहा टक्क्यांनी उतरतं आणि स्टॉल स्पीडही (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग) पाच टक्क्यांच्या आसपास खाली येतो. म्हणजे सर शेजारी असताना जे ६० नॉट बरोबर असतात तेच एकटीला थोडे जास्तच असतात, मग ७० चं तर बोलायलाच नको.

रनवेच्या वर आले, पॉवर आयडलला, म्हणजे अगदी कमी, घेतली, फ्लेअर केला, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच वर घेतलं, आणि विमान खाली येईचना. जमिनीपासून पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर आलं की ग्राउंड इफेक्ट सुरू होतो, पंखांच्या टोकाशी जे भोवरे तयार होतात त्यांना जमीन अडवते, ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, कमी होतो आणि विमान हवेच्या गादीवर बसल्यासारखं तरंगत जातं. १५२ चे पंख १० मीटरचे. मी मीटरभर उंचीवर असेन, एका बाजूने वारा हळूहळू डावीकडे ढकलतोय, रनवे खालून सरकतोय, आणि माझे डोळे नाकाच्या थोडंसंच पुढे. डोळे कुठे असतात यावर लँडिंग ठरतं असं सर कायम म्हणायचे. लांब, रनवेच्या टोकाकडे बघितलं तर आपण किती वर आहोत ते कडेच्या नजरेला बरोबर कळतं. जवळ बघितलं की खालचं डांबर नुसतं पळताना दिसतं आणि वाटतं रनवे संपत चाललाय. मला तसंच वाटलं. रनवे भरपूर शिल्लक होता, निम्म्याहून जास्त. पण मला वाटलं संपतोय, आणि मी योक (नाक वर-खाली करायचं हँडल) पुढे ढकलला. जोरात नाही. बोटभर.

नोज व्हील आधी टेकलं.

विमानाचा गुरुत्वमध्य नोज व्हीलच्या मागे असतो, त्यामुळे ते चाक आधी आपटलं की नाक वर फेकलं जातं, नाक वर गेलं की पंखांचा कोन वाढतो, कोन वाढला की लिफ्ट वाढते, आणि अजून स्पीड असेल तर विमान चक्क परत उडतं. मी पाच-सहा फूट वर गेले असेन. विंडशील्डमध्ये नुसतं आकाश. आणि आकाश दिसल्यावर हात जे करतो तेच माझ्या हाताने केलं, योक पुढे. पण हात ढकलेपर्यंत नाक आपलं आपण खाली यायला लागलेलं असतं, म्हणजे तुम्ही कायम अर्धा सेकंद उशिरा असता आणि तुमची प्रत्येक दुरुस्ती पुढचा धक्का वाढवते. याला पॉरपॉइजिंग म्हणतात, पॉरपॉइज नावाचा डॉल्फिनसारखा प्राणी पाण्यात वर-खाली उड्या मारत जातो तसं. वाचलेलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि मी बरोबर उत्तर लिहिलं होतं. थांबवायचा उपाय एकच, नाक लँडिंगच्या जागी धरून ठेवायचं, फुल थ्रॉटल (इंजिनची पूर्ण पॉवर) द्यायचा आणि निघून जायचं.

दुसऱ्यांदा आपटलं ते पहिल्यापेक्षा जोरात. तिसऱ्यांदा नोज स्ट्रट, म्हणजे पुढच्या चाकाचा पाय, मोडला.

तो आवाज मला नीट सांगता येणार नाही. आधी एक कर्कश टकटकाट झाला, अगदी क्षणभर, आणि मग इंजिन बंद, आणि मग पत्रा डांबरावर घासत जातानाचा आवाज. नाक खाली, शेपटी वर, मी पट्ट्यांमध्ये लटकल्यासारखी पुढे. विमान डावीकडे वळत रनवेच्या बाहेर गवतात जाऊन थांबलं. आणि मग शांतता, पण पूर्ण नाही, कारण पॅनलमधले जायरो (उपकरणांमधल्या फिरत्या चकत्या) अजून फिरत होते. इंजिन बंद झाल्यावर ते बराच वेळ आपले आपण फिरत राहतात, एक बारीक, उतरत जाणारी शीळ असते ती. रोज शटडाउननंतर ऐकायचे, कधी लक्ष दिलं नव्हतं. आता मी तो आवाज आला की जे करत असेन ते थांबवते.

त्यानंतरचं मात्र मी बरोबर केलं आणि तेही लिहायला हवं. मिक्स्चरचा लाल नॉब बाहेर. दोन सीटच्या मधे खाली फ्युएलचा व्हॉल्व्ह असतो तो बंद. मॅग्नेटो ऑफ, किल्ली काढली. मास्टर ऑफ. हे सगळं हाताने केलं, मी नाही, इतक्या वेळा पाठ करून घेतलं होतं सरांनी. दार उघडून उतरले, विमानापासून लांब चालत गेले आणि गवतात बसले. हेडसेट मानेत तसाच. फायर टेंडर आला तेव्हा त्यातल्या माणसाने विचारलं, "आत अजून कोण आहे?" आणि मला ते सांगायलाच जमेना की कुणी नाही, मी एकटीच होते. पट्ट्याचा वळ खांद्यावर आठवडाभर राहिला, बाकी काही लागलं नाही.

सर धावत आले. मला वाटलं ओरडतील. ते समोर उकिडवे बसले, माझ्या दोन्ही डोळ्यांकडे आळीपाळीने बघितलं, मान हलवायला सांगितली, बोटं हलवायला सांगितली. मग म्हणाले, "पाणी पी. आत्ता काही सांगू नकोस. कुणी विचारलं तरी आज नुसतं जे आठवतंय तेवढंच लिहून दे, अंदाज लिहू नकोस."

आणि मी नेमका अंदाज लिहिला.

संध्याकाळी स्टेटमेंट लिहायला बसले तेव्हा मला खरंच, अगदी मनापासून असं आठवत होतं की फ्लेअरच्या वेळी वाऱ्याचा झोत आला, विमान खाली पडलं, बाउन्स झालं, मी लगेच थ्रॉटल पुढे केला पण तोवर उशीर झाला होता. मी खोटं बोलत नव्हते. डोळे मिटले की मला माझा उजवा हात थ्रॉटल पुढे ढकलताना दिसत होता. तीन पानं लिहिली आणि सही केली.

दोन दिवसांनी चौकशीसाठी आलेल्यांसोबत मला रनवेवर नेलं. विमान तोवर हँगरमध्ये हलवलेलं होतं. डांबरावर ओळीने आडवे ओरखडे होते, कुणी कुऱ्हाडीने घाव घालत पुढे गेल्यासारखे. अकरा. प्रोपेलरचं एकेक पातं डांबराला लागत गेलं होतं, तोच तो टकटकाट. त्यांनी टेप लावली. पहिल्या काहींमधलं अंतर साधारण पाऊण मीटर, पुढे इंजिन थांबत गेलं तसं अंतर वाढत गेलेलं. मग त्यांनी वही माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "काढा हिशोब, तुम्हाला येईल."

आयडलला १००० आरपीएम धरले, पाती दोन, म्हणजे मिनिटाला २००० फटके, सेकंदाला ३३. दोन फटक्यांत पाऊण मीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. ताशी ९० किलोमीटर. साधारण ४८-४९ नॉट. हा जमिनीवरचा वेग, त्यात समोरून येणाऱ्या वाऱ्याचे ६ नॉट मिळवले की हवेतला वेग ५४-५५ नॉट. फुल फ्लॅप्सवर या विमानाचा स्टॉल ३५ च्या आसपास, आणि एकटी असताना त्याहूनही खाली.

मी वही हातात धरून उभी राहिले. तीन वेळा आपटून झाल्यावर, नाक मोडत असताना, विमानाकडे अजून स्टॉलपेक्षा वीस नॉट जास्त होते. ते पडलं नव्हतं. झोत येऊन त्याला पाडलं वगैरे काही नव्हतं. ते शेवटच्या क्षणापर्यंत उडत होतं आणि मी उडत्या विमानाला जमिनीवर दाबत होते.

मग हँगरमध्ये जाऊन प्रोपेलर दाखवला. दोन्ही पात्यांची टोकं मागच्या बाजूला वाकलेली. इंजिन जोरात चालत असताना पातं जमिनीला लागलं तर ते साधारणपणे पुढे वळतं, कारण ते विमानाला पुढे ओढत असतं, आणि पॉवर नसताना लागलं तर मागे दुमडतं. माझी मागे दुमडलेली होती. थ्रॉटल मी पुढे केलाच नव्हता. जो हात मला डोळ्यांसमोर दिसत होता तो कधी हललाच नाही.

मला रडू आलं, आणि ते विमान मोडल्याचं नव्हतं. आपलीच आठवण आपल्याला इतक्या सहज काहीतरी भलतं दाखवू शकते आणि आपण त्यावर सही करू शकतो, याचं होतं. मी म्हटलं, मला स्टेटमेंट बदलायचंय, मी चुकीचं लिहिलंय. ते म्हणाले बदलू नका, पहिलं तसंच राहू दे, दुसरं वेगळं लिहून द्या, दोन्ही उपयोगाची आहेत. त्यांनी हेही सांगितलं की विमान अपघाताची चौकशी दोष कुणाचा हे ठरवायला नसते, पुन्हा होऊ नये म्हणून असते, इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) ॲनेक्स १३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. मी ते वाक्य परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ कळायचं काही कारण नव्हतं. संपूर्ण दोन तासांत त्यांनी मला "असं का केलंस" हे एकदाही विचारलं नाही. "तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं" हे मात्र दहा वेळा विचारलं, आणि त्यातूनच डोळे जवळ होते ही गोष्ट बाहेर आली, नाहीतर माझ्या ते लक्षातच आलं नसतं.

दुसरं स्टेटमेंट पाऊण पान झालं.

बॅचमधल्यांबद्दल लिहायला हवं. विमान उभं राहिलं म्हणजे सगळ्यांचं फ्लाइंग मागे पडतं. प्रोपेलर जमिनीला लागला की इंजिन बाहेरून कितीही धड दिसलं तरी ते पूर्ण उघडून तपासावं लागतं, कारण क्रँकशाफ्टला न दिसणारी चीर असू शकते. शिवाय नोज गिअरचा मार मागे फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिनमागच्या पत्र्याच्या भिंतीपर्यंत, पोचलेला, पत्र्याला सुरकुत्या. म्हणजे काही आठवड्यांचं काम नाही ते. बोर्डवरची नावं खाली सरकत गेली, दोघांच्या सोलो पुढे गेल्या, आणि कुणी मला एक शब्द बोललं नाही. त्याने जास्त त्रास झाला. शेवटी मीच एकीला म्हटलं की तू चिडली असशील तर चिड ना. ती म्हणाली, "मागच्या आठवड्यात मी पण दोनदा बाउन्स केलं, सर शेजारी होते म्हणून वाचले, मी कशाला चिडू." मग आम्ही दोघी बसून तिचे दोन बाउन्स आणि माझे तीन असे कागदावर काढले, कुठे डोळे होते, कुठे स्पीड होता, कुठे हात होता. तिघेजण अजून येऊन बसले. ती आणि हे तिघे, अशा चौघांनी कबूल केलं की बाउन्सनंतरचा गो-अराउंड त्यांनी एकट्याने कधी केलेलाच नाही, कारण ड्युअलमध्ये, म्हणजे इन्स्ट्रक्टर सोबत असताना, दर वेळी इन्स्ट्रक्टरचा हात आधी पोचतो. मलाही हेच झालं होतं. १९ तासांत माझा हात त्या वेळी थ्रॉटलवर नुसता ठेवलेला असायचा, ढकलायची वेळ कधी आलीच नव्हती. ही गोष्ट शिकवणाऱ्या प्रत्येकाने वाचावी असं मला फार वाटतं. आधी बाउन्स होऊ द्या, हात मागे ठेवा, विद्यार्थ्याला स्वतः निघून जाऊ द्या, सोलोच्या आधी, निदान पाच-सहा वेळा तरी.

तीन आठवड्यांनी परत विमानात बसले. सरांनी पहिल्या दिवशी एकही लँडिंग करू दिलं नाही. रनवेवर मीटर-दीड मीटरवर यायचं, थोडी पॉवर ठेवायची आणि तसंच लांबपर्यंत उडत जायचं, आणि मग वर. "चाकं टेकवायची नाहीत," ते म्हणाले, "नजर लांब ठेव आणि टेकू देऊ नकोस." सहा वेळा. दुसऱ्या दिवशी तेच, पण पॉवर आयडलला. "खाली येतंय तसं मागे घे. येऊ देऊ नको. अजून मागे. धरून ठेव." मी योक मागे घेत राहिले, विमान हळू होत गेलं, स्टॉल वॉर्निंगचा हॉर्न वाजायला लागला, योक पोटाशी आला, आणि मुख्य चाकं टेकली. नाक अजून वरच होतं. मी टेकवलंच नव्हतं. ते उडायचं संपलं आणि बसलं.

तिसऱ्या दिवशी सरांनी स्वतः मुद्दाम बाउन्स केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पहिल्या वेळी माझा हात योककडेच गेला, पुढे ढकलायला. म्हणजे तो अजून तिथेच होता, तोच हात. सरांनी फक्त "थ्रॉटल" म्हटलं. फुल पॉवर, कार्ब हीट (कार्ब्युरेटर गरम ठेवायचा नॉब) आत, फ्लॅप्स २० वर, उजव्या रडरवर पाय, कारण पॉवर दिली की नाक डावीकडे पळतं. त्या दिवशी आठ वेळा केलं, शेवटच्या तीन वेळा कुणी काही बोललं नाही.

परत सोलो सोडलं ते गेल्या सोमवारी. त्याच रनवेवर, वारा जवळपास समोरून. ओरखडे अजून आहेत, टायरच्या काळ्या डागांमध्ये बघितले तरच दिसतात. पहिलं लँडिंग चांगलं झालं. दुसऱ्याला फायनलवर ६६ दिसले, पॉवर कमी केली, ६१ झाले, तरी थोडं तरंगलं आणि डावं चाक टेकून विमान जरासं उचललं, फूटभर असेल. इतक्यावर नाक धरून बसवता आलं असतं. पण तोवर थ्रॉटल पुढे गेलेला होता. मी हाताकडे बघितलं, खरंच पुढे होता. नाक धरलं, कार्ब हीट, फ्लॅप्स, उजवा पाय, आणि रेडिओवर सांगितलं, गोइंग अराउंड. टॉवरने "रॉजर" म्हटलं आणि डाउनविंडला रिपोर्ट करायला सांगितलं.

त्यानंतर अजून तीन केली. संध्याकाळी लॉगबुक भरताना लँडिंगच्या रकान्यात ४ लिहिले. गो-अराउंडला वेगळा रकाना नसतो, म्हणून तो मी शेरा लिहितात तिथे लिहिलाय.